कळांच्या वेळी पतीची सोबत

बाळंतपण हा बायकांचा प्रांत, ही समजूत वऱ्हाडात अजूनही घट्ट आहे. पहिलटकरीण सातव्या महिन्यात ओटी भरून माहेरी जाते आणि बाळ जन्मल्याची वार्ता कळल्यावर जावई येतो. कळा सुरू होतात तेव्हा तिच्याजवळ आई, काकू किंवा थोरली जाऊ असते. पती जवळपास असलाच, तर रुग्णालयाच्या व्हरांड्यात औषधांची चिठ्ठी हाती घेऊन उभा असतो. गाडीची आणि पैशांची व्यवस्था ही त्याची कामे मानली जातात. ती महत्त्वाची आहेतच. परंतु त्याची गरज तेवढ्यावर संपते, हे खरे नाही.

प्रसूतीच्या काळात सतत कोणीतरी विश्वासाचे माणूस जवळ असेल तर काय फरक पडतो, याचा अभ्यास अनेक देशांत झाला आहे. २०१७ साली १७ देशांतील २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यांत पंधरा हजारांहून अधिक स्त्रियांचा समावेश होता. अशी सोबत मिळालेल्या स्त्रियांमध्ये नैसर्गिक प्रसूतीचे प्रमाण अधिक, सिझेरियनचे प्रमाण कमी आणि कळांचा काळ काहीसा आखूड आढळला. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रत्येक स्त्रीला तिच्या पसंतीच्या व्यक्तीची सोबत मिळावी, अशी शिफारस केली. येथे ‘तिच्या पसंतीची’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. काही स्त्रियांना त्या वेळी आईच हवी असते. पतीसमोर संकोच वाटतो. ही निवड तिची आहे. ती आधीच विचारून घ्यावी आणि तिने ‘नको’ म्हटले तर मनाला लावून घेऊ नये.

केंद्र सरकारने २०१६ साली सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतिणीला परवानगी दिली. ही सोबत प्रामुख्याने स्वतः बाळंतपण अनुभवलेल्या नात्यातील स्त्रीची असावी, असे धोरण आहे. जेथे इतर स्त्रियांचा आडोसा राखता येतो, तेथे पतीलाही प्रवेश देता येतो. एकाच दालनात दोन-तीन खाटा असलेल्या ठिकाणी पतीला आत घेणे अवघड असते आणि त्यात परिचारिकांचा आडमुठेपणा नसतो. म्हणून आठव्या महिन्याच्या तपासणीलाच ‘आत कोणाला थांबता येईल?’ हे विचारून ठेवावे. ऐनवेळी दारात वाद घालून काहीही साध्य होत नाही.

वाटेचा हिशेब

मालेगाव हे वाशीम जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. येथून वाशीम सुमारे वीस किलोमीटर, तर अकोला सुमारे साठ किलोमीटर. गुंतागुंतीच्या रुग्णाला पुढे पाठवण्याची वेळ आली तर वाशीमचे जिल्हास्तरीय रुग्णालय किंवा अकोल्याचे जिल्हा स्त्री रुग्णालय आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठावे लागते. अकोल्याची वाट मेडशी-पातूरकडून जाते. मेडशी, शिरपूर, किन्हीराजा, जऊळका या भागांतील खेड्यांतून आधी मुख्य रस्त्यापर्यंत यायलाच वेळ लागतो. त्यात जूनमधील पेरणीचे किंवा सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस असले, की गावातील माणसे आणि वाहने दोन्ही शेतात असतात. प्रसूतीची संभाव्य तारीख ठाऊक असते. त्या तारखेच्या आधीचे दोन-तीन आठवडे आणि नंतरचे काही दिवस कोणाची गाडी मिळेल आणि रात्री कोण चालवील, हे पतीने नक्की करून ठेवावे.

१०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. गरोदर स्त्रियांसाठी १०२ क्रमांकही आहे. १०८ वर बोलताना एक गोष्ट विसरू नये. नुसते ‘मालेगाव’ म्हटले, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नाशिक जिल्ह्यातील मालेगाव येण्याची शक्यता असते. ‘वाशीम जिल्हा, मालेगाव तालुका’ आणि त्यापुढे गावाचे नाव, अशा क्रमाने सांगावे. गावातील आशा कार्यकर्तीचा क्रमांक पतीच्या आणि सासूच्या, दोघांच्याही मोबाइलमध्ये असावा.

जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून लागू आहे. त्यानुसार सरकारी रुग्णालयात प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, आहार आणि ने-आण या सर्व गोष्टी विनामूल्य आहेत. तरीही काही रोख रक्कम, आधार कार्ड, माता-बाल संरक्षण पुस्तिका आणि सोनोग्राफीचे अहवाल एका पिशवीत तयार ठेवावेत. पत्नीचा रक्तगट पतीला तोंडपाठ हवा. तो निगेटिव्ह असेल, तर पॉझिटिव्ह गटाचे बाळ जन्मल्यानंतर ७२ तासांच्या आत तिला ‘अँटी-डी’ इंजेक्शन द्यावे लागते. गडबडीत ते राहून जाऊ नये म्हणून पतीने आठवण द्यावी. रक्ताची गरज पडलीच, तर पतीने रक्तपेढीत बदली रक्तदान अवश्य करावे. मात्र त्याचेच रक्त पत्नीला चढवणे टाळले जाते. त्यामुळे तिच्या शरीरात तयार होणारी प्रतिद्रव्ये पुढच्या गरोदरपणात बाळाला अपायकारक ठरू शकतात.

निघायचे केव्हा

खऱ्या कळा कमरेतून उठतात, ओटीपोटाकडे येतात, ठरावीक अंतराने येतात आणि दर वेळी वाढत जातात. खोट्या कळा अनियमित असतात. विश्रांतीने किंवा कूस बदलल्याने ओसरतात. दोन कळांमधले अंतर घड्याळ लावून कागदावर लिहिणे, हे पतीने हमखास करावे असे काम. पाच-पाच मिनिटांनी, सुमारे मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर येत राहिल्या, तर पहिलटकरणीने निघावे, असा सर्वसाधारण नियम आहे. पण घर रुग्णालयापासून दूर असेल किंवा हे दुसरे-तिसरे बाळंतपण असेल, तर त्याआधीच निघणे शहाणपणाचे.

काही लक्षणांत मात्र कळांची वाट पाहायचीच नसते. पाणमोट फुटणे, अंगावरून रक्त जाणे, बाळाची हालचाल मंदावणे किंवा थांबणे, तीव्र डोकेदुखीसह डोळ्यांपुढे अंधारी, झटका, ताप, यांपैकी काहीही आढळले तर तत्काळ रुग्णालय गाठावे. पाणमोटीचे पाणी हिरवट असेल, तर बाळाने पोटात शी केल्याची शक्यता असते. हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे. कळा वाढाव्यात म्हणून घरी कोणाकडून ‘सुई’ टोचून घेण्याचा प्रकार अत्यंत घातक आहे. अनियंत्रित औषधाने गर्भाशय फाटून आई आणि बाळ दोघेही दगावू शकतात. घरातील वडीलधाऱ्यांनी आग्रह धरला, तरी ‘नाही’ म्हणण्याची जबाबदारी पतीचीच. सासूसमोर सून ते म्हणू शकत नाही.

कळा चालू असताना

पहिल्या बाळंतपणात सुरुवातीचा, संथ कळांचा काळ बराच लांबू शकतो. गर्भाशयाचे तोंड पाच सेंटीमीटर उघडल्यानंतरचा जोमाचा काळही पहिलटकरणीत बारा तासांपर्यंत असू शकतो. सोबतीला असलेल्याने हे जाणून असावे. नाहीतर चौथ्या तासालाच ‘अजून कसे नाही?’ म्हणून नातेवाईक डॉक्टरांकडे सिझेरियनचा धोशा लावतात आणि ते शब्द खाटेवरच्या स्त्रीच्या कानी पडतात.

या काळात तिला उताणे पडून राहण्याची सक्ती नसते. डॉक्टरांची हरकत नसेल तर हात धरून फिरवावे, डाव्या कुशीवर झोपवावे, पाठीशी उशी द्यावी. कळ येताच कमरेच्या खालच्या भागावर तळहाताने स्थिर दाब दिल्यास बऱ्याच जणींना आराम पडतो. एखादीला स्पर्शच नकोसा होतो. तेव्हा हात बाजूला घ्यावा. परवानगी असेल तर पाण्याचे घोट, सरबत किंवा भाताची पेज द्यावी. लघवीला जाण्याची आठवण द्यावी, कारण भरलेले मूत्राशय बाळाच्या वाटेत अडथळा आणते. श्वास सावकाश सोडायला सांगण्यापेक्षा तिच्याबरोबर स्वतः सावकाश श्वास सोडणे अधिक उपयोगी पडते. ‘जोर कर’ असे मात्र आपण होऊन म्हणू नये. तोंड पूर्ण उघडण्याआधी जोर केल्याने ती थकते आणि तोंडाला सूज येण्याचा धोका असतो. ती सूचना परिचारिका देईल. त्या वेळी पत्नी चिडते, ओरडते, क्वचित पतीला बाहेर जायला सांगते. त्याचा राग धरणे निव्वळ पोरकटपणा होय. आणि मोबाइल बंद ठेवावा; चित्रीकरण तर नकोच, कारण शेजारच्या खाटेवर दुसऱ्याची लेक असते.

शस्त्रक्रियेची वेळ आली तर कागदावर पतीची सही मागितली जाते, म्हणून निर्णय त्याचाच, असा समज आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली एका खटल्यात स्पष्ट केले आहे की, सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या रुग्णाची संमती तिची स्वतःचीच असली पाहिजे. पतीने डॉक्टरांना कारण विचारावे, ते तिला सोप्या भाषेत सांगावे आणि ‘घरी विचारून येतो’ म्हणून तास घालवू नये.

बाळ आल्यानंतर

बाळ रडले, की सगळे बाळाभोवती जमतात आणि बाळंतीण एकटी पडते. वार साधारण अर्ध्या तासात पडते. अतिरक्तस्रावाचा मोठा धोका याच वेळी आणि पुढील काही तासांत असतो. कपडा भराभर भिजत असेल, ती पांढरी पडत असेल, तिला गरगरत असेल, तर परिचारिकेला ताबडतोब बोलवावे. बाळाला तासाभराच्या आत आईचे दूध मिळावे. मध, साखरपाणी, घुटी यांपैकी काहीही देऊ नये आणि पहिली आंघोळ किमान चोवीस तास पुढे ढकलावी. आजीचे मन मोडेल, पण हे पित्यानेच सांगायचे.

मुलगी झाली असेल, तर सर्वांच्या नजरा आधी पित्याच्या चेहऱ्याकडे वळतात. पेढे सांगायला तो किती वेळ लावतो, हे बाळंतिणीच्या लक्षात राहते. पुढचे दोन आठवडे तिला अकारण रडू येत राहिले, झोप उडाली, बाळाकडे पाहवेना, तर त्याला ‘नखरे’ म्हणू नये. बाळंतपणानंतरचे नैराश्य हा उपचारांनी बरा होणारा आजार आहे. त्यासाठी १४४१६ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक २०२२ पासून उपलब्ध आहे.

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत विनाशुल्क होते. प्रसूती रुग्णालयात झाली असेल, तर माहिती कळवण्याचे काम रुग्णालय करते. नावांचे स्पेलिंग आणि पत्ता तपासून देणे पित्याच्या हाती आहे. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या बालकांना शाळाप्रवेशापासून पुढे जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो, आणि त्यावरील चूक नंतर दुरुस्त करण्यासाठी बऱ्याच खेपा घालाव्या लागतात.