मुलाचा ताप आणि घरगुती उपचार

लहान मुलाचे अंग तापले की घरातील वडीलधारी बाई प्रथम त्याच्या कपाळावर तळहात ठेवते. या मोजमापात अंश नाहीत. पण मूल मलूल आहे की खेळते आहे, दूध पिते आहे की तोंड फिरविते आहे, हे त्याबरोबर आपोआप पाहिले जाते. आम्हांस वाटते की, मध्यंतरी या पाहण्याचे मोल कमी झाले, आणि त्याचा त्रास मुलांनाच झाला.

जुने वैद्यक ज्वराला स्वतंत्र रोग मानी. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील तिसरा अध्याय ज्वराचाच आहे. नव्या ज्वरात लंघन, आणि तहानेला नागरमोथा, पित्तपापडा, वाळा, चंदन, सुंठ इत्यादी घालून उकळून गार केलेले पाणी, अशी व्यवस्था तेथे आहे. तान्ह्या मुलाला लंघन घडविण्याचा हट्ट आज कोणी धरू नये. पाणी पाजीत राहण्याची शिकवण मात्र अजून खोटी ठरलेली नाही.

ताप हा रोग नसून रोगाची खूण आहे, हा विचार रूढ झाला तो लाइप्‌झिगच्या वुंडरलिशमुळे. हजारो रोग्यांच्या तापाच्या नोंदी अभ्यासून त्याने १८६८ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच सुमारास इंग्लंडात ऑलबट याने सहा इंची तापमापक करविला. आधीची नळी फूटभर लांब, आणि ती वीस मिनिटे धरावी लागे. हे काम आता पाच मिनिटांत होऊ लागले. पुढे ती नळी घराघरांत गेली. गंमत अशी की, ज्या साधनाने तापाला नुसती खूण ठरविले, त्याच साधनाने घरोघर आकड्याची धास्ती निर्माण केली!

मग आकडा उतरविण्याची घाई सुरू झाली. कोलनवॉटरच्या घड्या निरुपद्रवी म्हणाव्या. परंतु कित्येक ठिकाणी मुलांचे अंग स्पिरिटने पुसीत, आणि ते कातडीतून व श्वासावाटे शरीरात जाऊन विषबाधा होई. बर्फाच्या पाण्याने मूल कुडकुडते, आणि कुडकुडण्याने शरीर उलट अधिक उष्णता निर्माण करते.

अ‍ॅस्पिरिनची कथा याहून गंभीर आहे. १८९९ साली बाजारात आलेले हे औषध पुढे मुलांच्या तापावरही सर्रास दिले जाई. १९६३ साली सिडनीच्या डॉ. राय यांनी मेंदू व यकृत यांवर घाला घालणाऱ्या, मुलांच्या एका विकाराचे वर्णन केले. फ्लू किंवा कांजिण्यांत दिलेल्या अ‍ॅस्पिरिनशी त्याचा संबंध १९८० च्या सुमारास उघड झाला. १९८६ साली ब्रिटनने बारा वर्षांखालील मुलांना ते देणे थांबविले. त्याची जागा पॅरासिटामॉलने घेतली. हे औषध १८९३ सालीच रोग्यांना देऊन पाहिले होते; पण अर्धे शतक ते बाजूला पडून राहिले.

ते मुलाच्या वजनाप्रमाणे, डॉक्टरांनी सांगितलेल्या मापानेच द्यावयाचे, आणि तेही मूल बेचैन असेल तर, आकड्यासाठी नव्हे. तापातील झटके त्याने टळतात असेही दिसून आलेले नाही. अंगावर सैल कपडा, घोट घोट पाणी, तान्ह्याला अंगावरचे दूध, एवढे घरात पुष्कळ झाले. मात्र तीन महिन्यांच्या आतील बाळाला ताप आला, किंवा कोणतेही मूल जागे होईना, पिईना, धापा टाकू लागले, मान ताठ धरू लागले, त्याला झटका आला, तर घडी भिजवीत बसू नये. तडक डॉक्टरांकडे न्यावे.