खाऊगल्ली

खाऊगल्ली म्हणजे शहरातील असा रस्ता, बोळ किंवा बाजारभाग, जेथे खाद्यपदार्थांच्या हातगाड्या, ठेले व लहान दुकाने एकमेकांना लागून असतात आणि ग्राहक एका जागी बसून पूर्ण जेवण न घेता ठिकठिकाणी थोडेथोडे खात पुढे जातो. हा शब्द प्रामुख्याने मुंबई, पुणे, कोल्हापूर आदी शहरांत रूढ आहे. गल्ली हा शब्द येथे सैलपणे वापरला जातो. गिरगाव व जुहू येथील चौपाट्यांवरील ठेल्यांच्या रांगाही व्यवहारात याच प्रकारात गणल्या जातात.

स्वरूप

खाऊगल्लीतील प्रत्येक विक्रेता सहसा एक-दोन पदार्थांतच पारंगत असतो. त्यामुळे भेळ एका गाडीवर, पावभाजी दुसरीकडे आणि कुल्फी तिसरीकडे, असा क्रम ग्राहक स्वतःच ठरवतो. एक बशी चौघांत वाटून घेणे हा येथील अलिखित रिवाज आहे. सहकुटुंब आलेल्यांना त्यामुळे एका संध्याकाळी सात-आठ पदार्थ चाखता येतात.

स्पेनमधील तापास खाण्याची पद्धत याच्याशी मिळतीजुळती आहे. तेथे लोक एका मद्यगृहातून दुसऱ्यात जात पेयासोबत लहान बशीतील पदार्थ खातात. स्पॅनिश भाषेत 'तापा' या शब्दाचा मूळ अर्थ झाकण असा आहे. ग्रानादा शहरात पेयाबरोबर तापा विनामूल्य देण्याची प्रथा टिकून आहे, तर बास्क प्रांतात पावाच्या तुकड्यावर काडीने टोचलेले 'पिंचो' मिळतात. मात्र तापास मद्यालयाशी जोडलेला आहे आणि खाऊगल्ली रस्त्याशी. हा फरक किरकोळ नाही, कारण खाऊगल्लीसमोरील बहुतेक अडचणी या रस्त्यातूनच उद्भवतात.

मुंबईतील खाऊगल्ल्या

मुंबईतील खाऊगल्ल्यांचे स्वरूप आसपासच्या वस्तीवर व व्यवसायावर अवलंबून असते. चर्चगेट व झवेरी बाजार येथील गल्ल्या मुख्यतः कार्यालये आणि पेढ्यांतील नोकरवर्गावर चालतात, म्हणून दुपारी गजबजतात. घाटकोपर पूर्वेकडील वल्लभबाग लेन ही गुजराती व जैन वस्तीतील असल्याने शाकाहारी आहे. तेथे डोशाचे असंख्य प्रकार मिळतात, तसेच कांदा, लसूण व बटाटा वर्ज्य करून कच्च्या केळ्याची 'जैन' पावभाजीही केली जाते.

मोहम्मद अली मार्गावरील मिनारा मशिदीचा परिसर रमजान महिन्यात सूर्यास्तानंतर खाद्यबाजार बनतो. सीख कबाब, नल्ली निहारी, खिचडा, मातीच्या शकोऱ्यातील फिरनी आणि मालपुवा हे तेथील प्रमुख पदार्थ होत. येथील मालपुव्याच्या पिठात अंडी घालतात. महाराष्ट्रीय घरांत मालपुवा शाकाहारी समजला जात असल्याने नवख्या ग्राहकास हे ठाऊक असणे उपयोगाचे.

वडापाव हा पदार्थ मात्र कोणत्याही एका गल्लीचा नाही. त्याची सुरुवात 1966 साली दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी केली, असे सामान्यतः मानले जाते.

नवी मुंबई आणि करावे

नवी मुंबईची आखणी करण्यासाठी 1970 साली सिडकोची स्थापना झाली. नियोजित विभागांत दुकानांना जागा नेमून दिलेली असल्याने जुन्या मुंबईसारख्या बोळांना तेथे फारसा वाव उरला नाही. या आखणीच्या आधीपासून असलेल्या गावठाणांचे रूप वेगळे आहे. नेरूळलगतचे करावे हे त्यांपैकी एक खाडीकाठचे गाव असून शेजारील दारावे गावाचे नाव सीवूड्स येथील रेल्वे स्थानकाच्या नावात आले आहे. या पट्ट्यातील आगरी व कोळी समाजांच्या आहारात तांदळाची भाकरी, सुका जवळा, बोंबील, कोलंबी, चिंबोरी आणि खाडीच्या चिखलात मिळणारे निवटे यांना विशेष स्थान आहे. हे अन्न मुळात घरचे. गाडीवरच्या विक्रीसाठी ते घडलेले नाही, त्यामुळे बाहेरच्यांना ते खाणावळींत आणि आगरी-कोळी महोत्सवांतच अधिक सहज भेटते.

खाद्यभ्रमंती

माहीतगार मार्गदर्शकासोबत पायी फिरत पदार्थ चाखण्याच्या सहलींना 'फूड वॉक' म्हणतात. गट लहान ठेवला जातो, पदार्थ वाटून खाल्ले जातात आणि मार्गदर्शक पदार्थाबरोबर वस्तीचीही माहिती देतो. मुले किंवा वृद्ध सोबत असल्यास तिखटाचे प्रमाण, पिण्याचे पाणी आणि बसण्याची सोय यांचा विचार आधी करावा लागतो. रमजानमधील गर्दीत तर बसायला जागा मिळणे हेच कठीण असते.

कायदेशीर स्थिती

अनेक खाऊगल्ल्या प्रसिद्ध असूनही तेथील विक्रेत्यांचे स्थान अनिश्चित असते. सर्वोच्च न्यायालयाने 1989 साली सोदान सिंग खटल्यात पदपथावरील व्यवसाय हा वाजवी निर्बंधांच्या अधीन राहून मूलभूत हक्काचा भाग असल्याचे मान्य केले. पुढे 2014 च्या पथविक्रेता कायद्याने विक्रेत्यांचे सर्वेक्षण, विक्री प्रमाणपत्र आणि नगर पथविक्रेता समिती यांची तरतूद केली. या समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांचे प्रतिनिधी असावे लागतात. सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत कोणासही हटवू नये, असेही कायदा सांगतो.

दुसरी बाजू पादचाऱ्यांची आहे. 29 सप्टेंबर 2017 रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन अनेकांचा मृत्यू झाला. त्यानंतर स्थानक परिसरातील फेरीवाल्यांचा प्रश्न ऐरणीवर आला. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रेल्वे स्थानकापासून 150 मीटर आणि शाळा व प्रार्थनास्थळांपासून 100 मीटर अंतरात फेरीच्या व्यवसायास मनाई असल्याचे स्पष्ट केले. खाद्यविक्रीस गर्दी लागते आणि गर्दी नेमकी याच ठिकाणी असते. त्यामुळे नियमांचे काटेकोर पालन झाल्यास मुंबईतील कित्येक परिचित ठेल्यांना जागा बदलावी लागेल.