सॅम्पलर : सुईने लिहिलेला मजकूर

भरतकामाचे टाके, वेलबुट्टी आणि अक्षरे यांचे नमुने एकाच कापडावर भरून ठेवण्याची युरोपात जुनी प्रथा होती. अशा नमुनापटास 'सॅम्पलर' म्हणतात. 'उदाहरण' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून हे नाव पडले. छापील नमुन्यांची पुस्तके दुर्मीळ असताना सॅम्पलर ही स्त्रियांची संदर्भवहीच होती. नवा टाका दिसला की तो त्यावर उतरवून ठेवला जाई.

तारीख नोंदविलेला सर्वांत जुना ज्ञात ब्रिटिश सॅम्पलर १५९८ मधील आहे. जेन बोस्टॉक हिने लिननच्या कापडावर रेशमी व धातूच्या धाग्यांनी तो भरला. त्यावर ॲलिस ली या मुलीच्या १५९६ मधील जन्माची नोंद आहे.

सतराव्या शतकातील सॅम्पलर लांब व अरुंद असत. अठराव्या शतकात ते चौकोनी झाले. भोवती वेलीची चौकट, मध्ये मुळाक्षरे, अंक, धर्मवचन आणि खाली मुलीचे नाव व वय, असा साचा रूढ झाला. तोवर सॅम्पलर हा मुलींच्या शिक्षणाचा भाग बनला होता. गरीब मुलींना त्याचा व्यावहारिक उपयोगही होता. मोठ्या घरांत चादरी, रुमाल यांवर मालकाची आद्याक्षरे व क्रमांक भरावे लागत. ते काम येणाऱ्या मुलीस नोकरी मिळणे सोपे जाई.

हा साचा मोडणारा सॅम्पलर एलिझाबेथ पार्कर हिचा. १८१३ मध्ये ससेक्स परगण्यातील ॲशबर्नहॅम येथे एका मजुराच्या घरी ती जन्मली आणि लहान वयातच घरकामास लागली. १८३० च्या सुमारास तिने लिननवर लाल रेशमाने, फुलीच्या टाक्यांत, आपली कहाणी भरली. त्यात चित्र नाही, चौकट नाही. आपल्याला लिहिता येत नाही, असे ती आरंभीच सांगते. मालकाने केलेला छळ, मनात आलेला आत्महत्येचा विचार आणि परमेश्वराची करुणा हे सारे तिने टाक्यांनी नोंदविले. मजकूर वाक्याच्या मध्येच थांबतो. खालचे कापड कोरे आहे. पुढे ती ॲशबर्नहॅम येथेच शिक्षिका झाली. १८८९ मध्ये तिचे निधन झाले.

हे दोन्ही सॅम्पलर लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या संग्रहात आहेत. प्रकाशाने रेशमाचे रंग उडतात, म्हणून जुने सॅम्पलर मंद प्रकाशातच मांडले जातात. ज्या सामान्य मुलींची अन्य कोणतीही लिखित खूण उरली नाही, त्यांची नावे या कापडांमुळेच आज वाचता येतात.