तेर (तगर) : नामाची व्युत्पत्ती व अर्थ

तेर : महाराष्ट्राच्या धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील तेरणा नदीकाठचे प्राचीन गाव. संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून ते सर्वपरिचित आहे. प्राचीन साहित्यात व कोरीव लेखांत त्याचा उल्लेख ‘तगर’ असा येतो.

इ. स. पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रीक ग्रंथानुसार भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण व तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठे नगर होते. तेथील जाडेभरडे व तलम कापड गाड्यांतून भडोचला जाई. टॉलेमीनेही तगरचा उल्लेख केला आहे. इ. स. ६१२ च्या चालुक्य ताम्रपटातील दानग्रहीता तगरनिवासी असून पुढे शिलाहार राजे तगरपुराचे अधीश्वर म्हणवून घेत.

तथापि हे नगर कोणते, याविषयी एकोणिसाव्या शतकात एकमत नव्हते. देवगिरी, जुन्नर, धारूर, बीडचा परिसर अशी निरनिराळी स्थाने अभ्यासकांनी सुचविली. केवळ दिवसांच्या अंतरावर भिस्त ठेवल्याने हा मतभेद मिटण्याजोगा नव्हता. १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर असे प्रतिपादन केले. तेर पैठणच्या आग्नेयेस सु. १५० किमी. आहे. प्राकृतात दोन स्वरांमधील ‘ग’ लोपून त्या जागी ‘य’ येतो. त्यानुसार तगर–तयर–तेर असा क्रम लागतो. ‘नगर’ शब्दापासून अमळनेर, जामनेर यांतील ‘नेर’ याच रीतीने सिद्ध झाला आहे. सु. अकराव्या शतकातील करकंडचरिउ या कनकामरकृत अपभ्रंश काव्यात ‘तेरापुर’ हे रूप आढळते. पुढील उत्खननांत मिळालेल्या सातवाहनकालीन अवशेषांनी या मतास पुष्टी मिळाली.

नावाचा अर्थ हा मात्र स्वतंत्र प्रश्न होय. संस्कृतात ‘तगर’ हे एका सुगंधी वनस्पतीचे नाव आहे. परंतु नगराचे नाव तिच्यावरून पडल्याचा पुरावा नाही. केवळ ध्वनिसाम्यावरून अर्थ ठरविणे धोक्याचे असते. इटलीच्या वायव्य भागातील लिग्यूरियन लोकांचे नाव याच प्रकारचे आहे. ग्रीक त्यांना ‘लिग्येस’ म्हणत. लॅटिनमध्ये एकवचनी ‘लिगुस’ व अनेकवचनी ‘लिगुरेस’ अशी रूपे होती. स्वरांमधील ‘स’चा ‘र’ होण्याच्या नियमाने हा फरक उलगडतो. मूळ धातूच्या अर्थाविषयी मात्र विद्वानांत एकमत नाही.

तात्पर्य, ध्वनिनियमांमुळे नामाची वंशपरंपरा सिद्ध होते, अर्थ सिद्ध होतोच असे नाही. तेरच्या बाबतीत ही परंपरा स्थाननिश्चितीस उपकारक ठरली. दक्षिणेतील एका विस्मृत व्यापारी नगराची ओळख अखेर त्याच्या प्रचलित मराठी नावातूनच पटली.