उपडे उखळ

युरोप-अमेरिकेतल्या संग्रहालयांत एका कोरीव आफ्रिकी वस्तूच्या पाटीवर पुष्कळदा 'स्टूल' एवढेच लिहिलेले असते. नैर्ऋत्य नायजेरियातले योरुबा लोक तिला 'ओदो शांगो' म्हणतात. ओदो म्हणजे उखळ. कोनफळाच्या जातीचा कंद उकडून ते उखळात कुटतात. ते त्यांचे रोजचे अन्न.

शांगो हा विजेचा देव. एके काळी तो ओयोचा राजा होता, अशी श्रद्धा आहे. त्याच्या देवघरात उखळ उपडे मांडतात. त्यावर लाकडी ताट आणि ताटात 'एदुन आरा', म्हणजे शांगोने आकाशातून फेकलेले दगड. वीज पडली की पुजारी तिथली जमीन उकरून ते बाहेर काढत. पुरातत्त्व सांगते, या नवाश्मयुगीन माणसांनी घासून गुळगुळीत केलेल्या कुऱ्हाडी आहेत. देवाच्या हातातही दुधारी कुऱ्हाडच असावी आणि उखळावर तीच कोरलेली असावी, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

म्हणजे हे स्टूल नसून देवाचे आसन झाले. ताट आणि दगड वेगळे पडले की उरते ते नुसते लाकडी फर्निचर, आणि पाटी लिहिणारा त्याला तेच नाव देतो. तरीही 'स्टूल' हा शब्द मला सरसकट खोडता येत नाही. शांगोची दीक्षा घेणाऱ्याला अशाच उखळावर बसवून त्याचे डोके भादरतात. जिथे देवाचे दगड ठेवायचे, तिथेच माणूस बसतो.

याचा पुरावा समुद्रापलीकडे मिळतो. एकोणिसाव्या शतकात ओयोचे राज्य कोसळले. युद्धांत पकडलेले हजारो योरुबा गुलाम म्हणून क्यूबात विकले गेले. स्पेनने 1817च्या करारात हा व्यापार थांबवण्याचे कबूल केले होते, तरी तो चोरून चालूच राहिला. गुलामगिरी संपली 1886 साली. गलबतात कोंबलेल्या माणसाबरोबर देवघर कुठून येणार? उखळे तिथे नव्याने घडवली गेली. स्पॅनिशमध्ये त्यांना 'पिलॉन' म्हणतात. शांगोचे पिलॉन बहुधा लाल-पांढरे रंगवलेले असते. दीक्षार्थी आजही पिलॉनवर बसतो, आणि त्या विधीचे नावच आहे 'आसिएन्तो', म्हणजे आसन. तिथल्या भक्तांच्या समजुतीप्रमाणे माणूस उखळावर बसतो, तेव्हाच देव त्याच्या मस्तकावर बसतो.