नावाचा अपराध

इ. स. ११२ च्या सुमारास बिथिनिया-पाँटस या रोमन प्रांताचा अधिपती प्लिनी याने सम्राट ट्राजन यास एक पत्र लिहिले. हा प्रांत काळ्या समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावर, आजच्या तुर्कस्तानात होता. प्लिनी कसलेला वकील आणि सावध अधिकारी. एका गावचे स्नानगृह नव्याने बांधण्यासही त्याने सम्राटाची अनुज्ञा मागितली होती. या वेळचा पेच मात्र निराळा होता. ख्रिस्ती म्हणून काही माणसे त्याच्यापुढे उभी करण्यात आली होती, आणि त्यांना दंड करावयाचा तो 'ख्रिस्ती' या नावाबद्दल, की त्या नावाला चिकटलेल्या दुष्कृत्यांबद्दल, हे त्याला उमगत नव्हते.

नवल असे की, उत्तर येण्यापूर्वीच त्याने शिक्षा देण्यास आरंभ केला होता. "तू ख्रिस्ती आहेस काय?" हा प्रश्न तो धाक घालून तीनदा विचारी. तिन्ही वेळा होकार देणाऱ्यास देहान्त. रोमन नागरिक असल्यास रोमला रवानगी. त्यांची श्रद्धा कशीही असो, त्यांचा हट्ट दंडनीयच, असे त्याचे समर्थन. नाकारणाऱ्याने सम्राटाच्या प्रतिमेपुढे धूप व मद्य अर्पून ख्रिस्ताची निंदा केली, की तो सुटे.

मग दुष्कृत्ये कोणती? पंथ सोडून गेलेल्यांनी सांगितले ते इतकेच: ठराविक दिवशी पहाटेपूर्वी जमावयाचे, ख्रिस्ताचे स्तोत्र म्हणावयाचे, चोरी, व्यभिचार व विश्वासघात न करण्याची शपथ घ्यावयाची, आणि पुढे एकत्र साधे अन्न सेवन करावयाचे. खात्री करून घेण्यासाठी प्लिनीने मंडळीत सेविका म्हणविल्या जाणाऱ्या दोन दासींचा शारीरिक छळ केला. हाती लागली ती त्याच्या मते केवळ एक अतिरेकी अंधश्रद्धा. त्या दासींची नावे त्याने नोंदविलेली नाहीत.

ट्राजनचे उत्तर अगदी थोडक्यात आहे. या लोकांना हुडकू नये. आरोप सिद्ध झाल्यास दंड करावा. देवांची पूजा करील त्यास क्षमा करावी. निनावी तक्रारी मुळीच स्वीकारू नयेत. शेवटचे कलम निःसंशय न्यायाचे. परंतु या व्यवस्थेत ख्रिस्ती माणसाचे जीवित शेजाऱ्याच्या मर्जीवर राहिले. बाजारातले भांडण, जुने वैर, एवढ्याने कोणीही उघडपणे फिर्याद करावी आणि मग तो प्रश्न पुन्हा तीनदा विचारला जावा!

इ. स. १९७ च्या सुमारास कार्थेजच्या तर्तुलियनाने या आज्ञेतील विसंगतीवर नेमके बोट ठेवले. निर्दोष म्हणून ज्यांना शोधावयाचे नाही, त्यांनाच दोषी म्हणून दंड कसा करावयाचा, असा त्याचा सवाल होता. त्यालाही पुष्कळ वर्षे लोटल्यावर, इ. स. ३११ मध्ये, मरणोन्मुख सम्राट गॅलेरियसने ख्रिस्ती म्हणून राहण्याची मोकळीक दिली.