सासवण्याची म्हैस

माझ्या आज्यानं उभ्या आयुष्यात एकच पुतळा नीट निरखून बघितला, आणि तो कुणा राजाचा नव्हता, म्हशीचा होता.

अलिबागहून मांडव्याला जाताना सासवणे लागतं. तिथं नारळीच्या सावलीत शिल्पकार नानासाहेब करमरकरांचं घर आहे. आता त्याचं संग्रहालय झालंय. मी चौथीत असेन, तेव्हा आजा मला तिथं घेऊन गेला. अंगणातली म्हैस बघून तो थबकलाच. "पानी दाखवला का नाय कुनी हिला?" त्यानं विचारलं. कुणीतरी हसून सांगितलं, "आजोबा, ती सिमेंटची आहे." आजा हसला नाही. त्याच वर्षी आत्याच्या लग्नापायी आमची दुभती म्हैस विकली गेली होती. तो बराच वेळ तिथंच उभा राहिला.

ही म्हैस घडवणारा माणूस याच मातीतला. विनायक पांडुरंग करमरकर यांचा जन्म 1891 सालचा, सासवण्याचा. गावच्या देवळाच्या भिंतीवर या पोरानं शिवाजी महाराजांचं चित्र काढलं होतं. तेव्हाचे कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड गावात आले असता त्यांच्या नजरेस ते पडलं. हे कुणी काढलं म्हणून त्यांनी चौकशी केली आणि पोराला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जायची वाट करून दिली. साहेब त्या दिवशी देवळाकडं फिरकलाच नसता, तर? गावोगावच्या किती भिंती अशाच पावसात धुऊन गेल्या असतील!

पुढं करमरकर कलकत्त्यात राहिले. सुरेंद्रनाथ टागोरांचा त्यांना आधार होता. नंतर लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकून आले. पण त्यांचं नाव महाराष्ट्राच्या घरोघरी पोचलं ते पुण्याच्या शिवस्मारकामुळं. शाहू महाराजांनी मनावर घेतलेलं हे काम. 1921 साली कोनशिला बसली, 1922 साली महाराज गेले, आणि राजाराम महाराजांनी ते पुढं नेलं. पुतळ्याचं काम आधी दुसऱ्याकडं होतं. ते करमरकरांच्या हाती आलं तेव्हा वेळ थोडाच उरला होता.

ब्राँझचा पुतळा म्हणजे नुसती हातातली कला नव्हे. आधी लोखंडी सांगाड्यावर माती चढवायची. घोड्याची शीर न् शीर मातीतच यायला हवी. मग प्लास्टरचा साचा, आणि शेवटी रटरटता धातू. एवढा मोठा पुतळा सहसा तुकड्यांनी ओतून मग जोडतात. करमरकरांनी साडेतेरा फुटांचा अश्वारूढ पुतळा एकसंध ओतवला. धातू मध्येच थिजला किंवा साचा फुटला, की सगळी मेहनत मातीत. ते साधलं, तरी पुढं घाट होताच. मुंबईत ओतलेलं हे धूड रेल्वेनं बोरघाटाच्या बोगद्यांतून पुण्याला न्यायचं होतं. तेही पार पडलं, आणि 16 जून 1928 रोजी भांबुर्ड्याला, म्हणजे आजच्या शिवाजीनगरला, गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते अनावरण झालं.

मोठेपणी मी तो पुतळा बघितला. लोक महाराजांचा चेहरा बघत होते. मी मात्र घोड्याची मान बघत होतो. जनावराचं ओझं कुठल्या पायावर पडतं, कातडीखाली हाड कुठं दिसतं, हे लंडनमध्ये शिकवतही असतील, पण त्याची पहिली ओळख गोठ्यातच होते, असं मला तिथं वाटलं.

नाव झालं, मानाची कामं मिळाली, तरी सासवणे सुटलं नाही. स्मारकं मागणीनं होतात. त्यासाठी वर्गणी जमते, समिती बसते. शंख फुंकणारा माणूस, कोळीण, अंगणातली म्हैस यांचे पुतळे करा म्हणून कुठली समिती येणार? करमरकरांनी ते केले. त्यातले कितीतरी साध्या सिमेंटात आहेत. राजाच्या घोड्याला जी नजर दिली, तीच म्हशीलाही दिली. 1967 साली ते गेले. म्हैस अजून अंगणात आहे.

त्या दिवशी घरी परतलो तेव्हा आजी चुलीपाशी होती. "काय बघलाव तिकडं?" तिनं विचारलं.

आजा पाय धुता धुता म्हणाला, "आपली म्हस बघून आलो."